परत दाखल होताना

उपचार घेऊन आलेली व्यक्ती परत प्यायली की आजूबाजूचे म्हणतात, "म्हणजे काही उपयोग झाला नाही." हे वाक्य मी घरच्यांकडून ऐकलं, ओळखीच्यांकडून ऐकलं, आणि सगळ्यात जास्त वेळा मनातल्या मनात स्वतःच म्हटलं. ते खरं नाही, हे कळायला मला परत दाखल व्हावं लागलं.

मी दारूच्या व्यसनावर उपचार घेतले, बरेच महिने प्यायले नाही, मग परत प्यायला लागले आणि परत दाखल झाले. त्यानंतर आजपर्यंत दारूला हात लावलेला नाही. पहिल्यांदा उपचाराला जाण्याबद्दल बोलणारी माणसं भेटतात. परत जाण्याबद्दल फार थोडे बोलतात. परत प्यायला लागल्यापासून परत मदत मागेपर्यंतचा जो काळ असतो, त्यात माणूस विलक्षण एकटा पडतो. मला त्या काळाबद्दल आणि त्यातून बाहेर कसं पडता आलं त्याबद्दल लिहायचं आहे.

पहिल्या उपचारांबद्दल फार सांगत नाही. घरच्यांनी नेलं, मी गेले. शरीर सावरलं, झोप लागायला लागली, गटात बोलले, वही भरली. बाहेर पडताना सगळ्यांचीच समजूत अशी होती की आता उपचार संपले. ही समजूतच घातक आहे. व्यसन हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. दमा असतो, रक्तदाब असतो, त्याच जातीचा. २००० साली अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी या आजारांची रीतसर तुलना करून दाखवली होती. व्यसनाच्या उपचारांनंतर साधारण ४० ते ६० टक्के लोकांमध्ये आजार परत डोकं वर काढतो, आणि दम्याच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण त्याहून कमी नाही, उलट थोडं जास्तच आहे. रक्तदाब परत वाढला तर कोणी म्हणत नाही की गोळ्या वाया गेल्या. डॉक्टर डोस बघतात, गोळी बदलतात, झोपेबद्दल विचारतात. व्यसनाच्या बाबतीत मात्र आपण लगेच माणसाच्या चारित्र्यावर घसरतो.

रिलॅप्स, म्हणजे व्यसन परत उलटणं, पहिल्या घोटाच्या पुष्कळ आधी सुरू होतो, हे मला केंद्रात सांगितलं होतं. वाक्य म्हणून पाठही होतं. प्रत्यक्षात ते कसं दिसतं, हे मागे वळून बघताना कळलं. माझी स्पॉन्सर, म्हणजे स्वतः दारू सोडून मला सोबत करणारी अनुभवी बाई, रोज फोन करायची. मी फोन न उचलता नंतर मेसेज करायला लागले, 'सगळं ठीक'. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगचा दिवस आला की काहीतरी काम निघायचं. धाकट्या बहिणीने "कशी आहेस?" विचारलं की चीड यायची. रात्री उगाच जागत बसायचे. यात दारू कुठेच नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि ज्या दिवशी प्यायले तो दिवस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण दुःख, राग, एकटेपणा यांची तयारी आम्हाला करून दिली होती. त्या दिवशी खूप दिवस रखडलेलं एक मोठं काम पूर्ण झालं होतं, लोक कौतुक करत होते, माझंही मन भरून आलं होतं. त्या आनंदाचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक आनंद दारूबरोबरच साजरा केला होता. त्या रात्री मी एका ग्लासवर थांबले. सकाळी उठले तर डोकं शांत होतं, हात स्थिर होते. त्या एका सकाळीने फार नुकसान केलं. मला जमतंय असं वाटलं. काही आठवड्यांतच पिण्याचं प्रमाण जुन्या जागी आलं, आणि जुन्या युक्त्याही आल्या. पाण्याच्या बाटलीत दारू, कपाटात कपड्यांच्या मागे बाटली, बोलताना तोंड किंचित वळवणं.

ॲलन मार्लाट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. व्यसन परत का उलटतं, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. ते घसरणं आणि पूर्ण कोसळणं यांत फरक करायचे. एकदा पिणं ही घडलेली घटना आहे. त्यानंतर माणूस 'मी अशीच आहे, माझ्याच्याने होणार नाही' असा निष्कर्ष काढतो, आणि पुढचं पिणं त्या निष्कर्षावर चालतं. समुपदेशक मॅडमनी मला हे नंतर समजावलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. मधले सगळे आठवडे मी दारूसाठी कमी आणि लाजेसाठी जास्त प्यायले होते.

परत मदत मागायला उशीर का झाला, त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे मी परिस्थिती 'पुरेशी' बिघडायची वाट बघत होते. नोकरी आहे, पडले-झडले नाही, मग केंद्राची जागा कशाला अडवायची? तळ गाठल्याशिवाय माणूस सुधारत नाही, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. कुठलाही दुसरा आजार आपण मुद्दाम वाढू देत नाही. लवकर परत गेलं की शरीर कमी खचलेलं असतं, नोकरी टिकलेली असते, माणसं अजून फोन उचलत असतात. उपचारांना हे सगळं उपयोगी पडतं.

दुसरं कारण असं की मी एकदा फोन केला होता. कुठे, ते सांगत नाही. पलीकडच्या माणसाने माझं नाव ऐकून पहिलं वाक्य टाकलं, "मागच्या वेळी एवढं समजावलं होतं ना?" मी फोन ठेवला आणि त्यानंतर बरेच दिवस कोणालाच केला नाही. व्यसनमुक्तीच्या कामात जे आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, असं मी कळकळीने सांगते. परत फोन करणाऱ्या माणसाने तो नंबर लावायला किती जोर एकवटलेला असतो याची कल्पना करा. तुमचं पहिलं वाक्य त्याला आत घेतं किंवा परत पाठवतं.

बहिणीला कळलंच होतं. एका संध्याकाळी ती आली, समोर बसली आणि म्हणाली, "ताई, मला कारण सांगू नकोस. फोन लाव, मी इथेच बसते." मी म्हटलं, "काय सांगू त्यांना?" तर म्हणाली, "खरं आहे तेच. आधी तुमच्याकडे होते, परत यायचंय."

तेवढंच बोलले. पलीकडच्या सिस्टरने विचारलं, शेवटची दारू कधी घेतली? रोज किती होते? दारू थांबवल्यावर आधी कधी फिट आली होती का, भास झाले होते का? दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का? आत्ता सोबत कोण आहे? तिने 'का' विचारलं नाही. आणि एक गोष्ट तिने दोनदा सांगितली, "आज घरच्या घरी एकदम बंद करू नका. इथे या, डॉक्टर बघतील, मग बंद करू."

हे ऐकून बहीण चकित झाली. तिला वाटत होतं की निदान येताना तरी पिऊ नये. पण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू सोडणं जिवावर बेतू शकतं. दारू मेंदूला सतत शांत करत असते. त्याला तोंड द्यायला मेंदू स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली की ती उत्तेजना तशीच उरते आणि तिला आवर घालणारं काही नसतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ तासांपासून थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. त्यानंतर, ४८ ते ९६ तासांच्या सुमारास, काहींना भ्रम होतो, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. परत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. दारू थांबवणं आणि परत सुरू करणं असं होत राहिलं की दर खेपेला विड्रॉल, म्हणजे दारू थांबल्यावरचा हा त्रास, आधीपेक्षा तीव्र होऊ शकतो. मागच्या वेळी घरीच निभावलं, म्हणून या वेळीही निभावेल, हा हिशोब चुकतो.

दाखल झाल्यावर सिस्टरने मला दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगितली. मी शक्य तेवढी ताठ ठेवली. तिने नुसतं बघितलं नाही, आपली बोटं माझ्या बोटांच्या टोकांना हलकेच लावून थरथर जोखली. मग तळहातावरचा घाम बघितला. डोळ्यांना उजेड टोचतोय का, कातडीखाली काही सरपटल्यासारखं वाटतंय का, कानात नसलेले आवाज येताहेत का, आज तारीख कोणती, हेही विचारलं. प्रत्येक उत्तराला ती तक्त्यावर आकडा टाकत होती. अशा दहा मुद्द्यांचा ठरलेला तक्ता असतो, त्याची कमाल बेरीज ६७. त्या बेरजेवरून मेंदू शांत करणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरतो, आणि ठरावीक तासांनी तक्ता परत भरला जातो. रात्री उशिरा ती आली की आधी माझ्या पायाला हात लावून मला जागं करायची आणि मग दिवा लावायची. उजेड एकदम डोळ्यांवर येऊ नये म्हणून. ही तिची सवय मी विसरलेले नाही.

सोबत थायमिनची इंजेक्शनं होती, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. दारू पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी पडतं आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्ती जाऊ शकते. म्हणून ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी किंवा निदान तिच्याबरोबर थायमिन देतात. मागच्या वेळी मला ती नुसती टोचणी वाटली होती. या वेळी मी विचारून घेतलं. फरक इथूनच पडत गेला. मागच्या वेळी माझ्यावर उपचार झाले होते, या वेळी मी ते घेत होते.

गटात पहिल्या दिवशी बसले तेव्हा मान वर होत नव्हती. ओळखीचे चेहरे होते. कोणी काही म्हणालं नाही, एका बाईंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. त्या गटात अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनातून आलेली एक तरुण मुलगी होती. तिचं परत येणं आमच्यापेक्षा कठीण होतं. काही काळ औषध बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि माणूस परत घेताना जुनाच डोस घेतो. श्वास थांबून मरण येतं ते अशाच वेळी. उपचारांनंतरचे किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच अत्यंत धोक्याचे असतात. तिच्या घरच्यांना नॅलोक्सोन कसं द्यायचं ते शिकवलं गेलं. अतिडोस झाल्यास श्वास परत सुरू करू शकणारं औषध आहे ते. ती शिकवणी मी दारातून ऐकली आणि परत येण्याला उशीर करणं म्हणजे काय, हे तिथे नीट कळलं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ, तिची हकीकत मी आधी ऐकली होती, पण तिच्यातला एक भाग या वेळी मनात उतरला. तिचे एक संस्थापक बिल विल्सन न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात एकदा दाखल होऊन सुधारले नव्हते. ते १९३३-३४ मध्ये तिथे पुन्हा पुन्हा गेले, शेवटचे डिसेंबर १९३४ मध्ये. १९३५ साली ॲक्रन गावात त्यांची भेट डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झाली, तेच चळवळीचे दुसरे संस्थापक. डॉक्टरांनी दारू सोडली, मग एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे परत प्यायले. परत आले, सावरले. त्यांनी शेवटची दारू घेतली तो दिवस १० जून १९३५, आणि तोच त्या चळवळीचा स्थापनादिन मानला जातो. म्हणजे जगभरच्या मीटिंगांची सुरुवात ज्या तारखेपासून मोजतात, ती परत पिऊन परत आलेल्या एका माणसाची तारीख आहे. दिवस परत पहिल्यापासून मोजायचे, याचं मला फार दुःख होतं. ते इथे कमी झालं. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली तरी आधीचे महिने पुसले जात नाहीत. त्या महिन्यांत यकृत सावरलं होतं, मेंदू सावरत होता, कोणाशी कसं बोलायचं ते मी शिकले होते.

औषधांबद्दल थोडं. मला नाल्ट्रेक्सोन सुरू केलं. दारूमधून मिळणाऱ्या सुखाची वाट ते अडवतं, त्यामुळे ओढ कमी होते. अफूजन्य औषध घेणाऱ्याला ते तसंच देता येत नाही, आणि यकृताच्या तपासण्या लागतात. ॲकॅम्प्रोसेट हा दुसरा पर्याय, तो मूत्रपिंडातून बाहेर पडतो म्हणून तिथली तपासणी महत्त्वाची. डायसल्फिरॅम सगळ्यांना ऐकून माहीत असतं. ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. काही घरांत ही गोळी पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळतात. कृपा करून असं करू नका. गोळीचा पत्ता नसताना त्या माणसाने दारू घेतली तर तो मरू शकतो, आणि वाचला तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास संपतो.

समुपदेशनात या वेळी 'का प्यायलीस' हा प्रश्न बाजूला ठेवला. मॅडमनी मला त्या चांगल्या दिवसाची संध्याकाळ तासातासाने लिहायला लावली. कुठे होते, बाजूला कोण होतं, भूक लागली होती का, झोप किती झाली होती, पहिला विचार कधी आला, त्या विचाराला मी काय उत्तर दिलं. लिहिताना लक्षात आलं की दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं आणि आदल्या दोन रात्री नीट झोपले नव्हते. पहिला विचार आला तेव्हा मी स्वच्छतागृहात हात धूत होते. तिथून कोणाला तरी फोन करता आला असता, इतका मोकळा वेळ होता. ओढीची लाट साधारण अर्ध्या तासाच्या आत चढते आणि उतरते, तिला दारू मिळाली नाही तर. त्या अर्ध्या तासात करायच्या तीन गोष्टी मी ठरवल्या आहेत. काहीतरी खायचं, जागा बदलायची, फोन लावायचा. मेसेज चालणार नाही, फोनच.

बाहेर पडण्याआधी एक कागद तयार केला. परत प्यायलेच तर काय करायचं, ते त्यात लिहिलं आहे. पहिल्या २४ तासांत कोणाला सांगायचं, कोणत्या नंबरवर फोन करायचा, काय बोलायचं. गटातल्या एकाला हे आवडलं नाही, त्याच्या मते असा कागद म्हणजे पिण्याची परवानगी. मला तसं वाटत नाही. मी पिईन म्हणून तो लिहिलेला नाही. प्यायले तर मधले आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून लिहिला आहे. बहिणीकडे त्याची प्रत आहे आणि माझ्या खुणांची यादीही आहे, पहिलीच खूण 'सगळं ठीक' असा मेसेज.

तिनेही स्वतःसाठी मदत घेतली. अल-ॲनॉन ही व्यसनी माणसांच्या घरच्यांची संघटना १९५१ पासून आहे, बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथे तिला सांगितलं गेलं की हे तुम्ही घडवलं नाही, तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. त्यानंतर तिने माझ्या ऑफिसला माझ्या वतीने खोटं बोलणं थांबवलं. मला राग आला होता. आता वाटतं, माझ्यासाठी केलेल्या गोष्टींमध्ये ही मोठी होती.

पुढचे महिने सोपे नव्हते. शरीर लवकर सावरतं, यकृताचे आकडे काही आठवड्यांत उतरायला लागतात. झोप मात्र कितीतरी दिवस तुटक राहिली. कशात गोडी वाटेना, गाणं ऐकलं तरी आत काही हलत नव्हतं. हे होणार, महिनोन्महिने राहू शकतं आणि हळूहळू जातं, असं या वेळी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. फॉलो-अप चुकवत नाही. मीटिंगला जाते, बोलावंसं वाटत नाही तेव्हाही जाते. आनंदाच्या दिवशी तर नक्की जाते.

बहिणीशी एक ठरलं आहे. शंका आली की तिने आडून विचारायचं नाही, कपाटं उघडायची नाहीत, सरळ विचारायचं, "ताई, आज प्यायलीस का?" आणि मी त्याच क्षणी उत्तर द्यायचं. सुरुवातीला ती फार वेळा विचारायची. आता क्वचित. मागे एकदा मी सर्दीने जड आवाजात बोलत होते तेव्हा तिने विचारलं. मला लागलं, आणि मी ते तिला सांगितलंही. पण आधी उत्तर दिलं, नाही प्यायले.